निळा हॅम्लेट फक्त फ्लोरिडातच का? आणि या वेगळ्या जाती आहेत की नुसते रंग?

कीजवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न माशांचा आहे पण कालवणाचा नाही, आधीच सांगते. इथे डायव्हिंगवाले आणि मरीन बायोवाले दोघंही पडीक असतात म्हणून इथेच टाकतेय.

आम्ही मायामीजवळ राहतो, जमेल तसं फ्लोरिडाच्या कीज बेटांवरच्या की लार्गो गावी स्नॉर्केलिंगला जातो. तिथे रीफवर हॅम्लेट नावाचे छोटे मासे दिसतात, चार-पाच इंचांचे, सी बासच्या खानदानातले पण अगदीच बारकं प्रकरण. एक उभ्या तपकिरी पट्ट्यांचा आणि तोंडावर निळ्या रेघोट्या असलेला, एक पिवळट आणि शेपटीच्या मुळाशी भलामोठा काळा डाग असलेला, एक अख्खाच्या अख्खा निळा. अंगाचा आकार, जबडा, खडकाआडून टुकूटुकू बघायची ढब सगळं डिट्टो सेम, फरक फक्त रंगाचा.

घोळ असा की माझ्याकडच्या पुस्तकात प्रत्येक रंग म्हणजे वेगळी जात, प्रत्येकाला वेगळं लॅटिन नाव. आणि बोटीवरचा गाईड म्हणतो अहो हे सगळे एकच, उगाच शास्त्रज्ञांनी नावं वाढवून ठेवलीत. कोण खरं?

दुसरं म्हणजे तो निळा. माझी मैत्रीण कॅरिबियनमधल्या केमन बेटांवर असते, माझ्या दसपट डायव्हिंग करते, तिने हा निळा कधी बघितलाच नाहीये, तिच्याकडे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिसतो म्हणे. मधे काही भिंत नाही, पाणी तिकडून इकडे वाहतंय, मग हा इथेच का अडकून बसलाय?

आणि तिसरं, सूर्य मावळायच्या जरा आधी दोन पट्टेवाले तळापासून थोडे वर येऊन एकमेकांना विळखा घालून थरथरत होते, मग सुटले, मग परत तेच, मग परत तेच, भांडण म्हणावं तर कोणी कोणाला चावत नव्हतं. हे काय असतं?

जाता जाता, निळा हॅम्लेट आणि निळा क्रोमिस नावाचा दुसरा मासा यांच्यात फरक कसा करायचा तेही सांगा कोणीतरी, माझ्या फोटोंमध्ये दोन्ही निळे ठिपकेच दिसतात.

टाकीवाला_पुणे

ताई तिसऱ्याचं उत्तर तुम्हालाही माहितीये, लाजताय कशाला 😄 बाकी माझा अनुभव टाकीपुरता. इथे पुण्यात दुकानात हॅम्लेट कधी दिसला नाही, अटलांटिकचा माल आपल्याकडे तसाही कमीच येतो. पण एवढं सांगतो की सी बासच्या घराण्यातला कुठलाही मासा, कितीही छोटा असो, टाकीतली कोळंबी दोन दिवसांत गायब करतो. तोंड बघून घ्या त्यांचं. वाचतोय, चालू द्या.

रीफवेडा

वा, आवडता विषय. शिकत असताना काही महिने पनामात बोकास देल तोरोला काढलेत आणि तिथे दुसरं काही केलं नाही, संध्याकाळी पाण्यात उतरायचं आणि हॅम्लेट कोणाबरोबर जातो ते पाटीवर लिहायचं, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. तुम्ही बघितलंत ती अंडी घालण्याची वेळ. हॅम्लेट एकाच वेळी नर पण असतो आणि मादी पण. आधी मादी मग नर असं नाही (ते गोबऱ्यांमध्ये होतं), एकाच माशात अंडीही तयार आणि शुक्राणूही तयार. पण स्वतःचीच अंडी स्वतःच फळवत नाहीत, जोडीदार लागतो. आणि इथे गंमत आहे. अंडी करायला खर्च जास्त, शुक्राणू जवळपास फुकट, म्हणजे प्रत्येकाला वाटणार की आपण नर व्हावं आणि समोरच्याने अंडी द्यावीत. मग हे काय करतात, सगळी अंडी एकदम सोडतच नाहीत. थोडी सोडायची, समोरच्याने फळवली की भूमिका बदलायची, आता तू तुझी थोडी सोड. तू सोडलीस तर मी पुढचा हप्ता देणार, नाही तर चाललो. असं एका संध्याकाळी अनेकदा. म्हणून तुम्हाला परत तेच परत तेच दिसलं. एरिक फिशरने १९८० मध्ये काळ्या हॅम्लेटवर हे लिहिलं, तेव्हापासून ही अंड्यांची उधारी-उसनवारी प्राणिशास्त्रात फेमस आहे. विळख्यात ज्याची शेपटी वर आणि डोकं खाली तो बहुतेक वेळा अंडी सोडणारा, दुसरा त्याच्याभोवती वळलेला असतो. पुढच्या वेळी नीट बघा, पुढच्या फेरीत जागा बदललेल्या दिसतील.

आता महत्त्वाचं. तुम्ही दोन पट्टेवालेच बघितलेत ना? एक पट्टेवाला आणि एक निळा अशी जोडी नाही बघितलीत. तेच उत्तर आहे. एकाच खडकावर तीन-चार रंगांचे हॅम्लेट राहतात, एकाच वेळी अंडी घालतात, आणि तरी पट्टेवाला पट्टेवाल्याकडेच जातो, काळा काळ्याकडेच. मिश्र जोड्या दिसतात पण फार क्वचित. ज्या दिवशी एखादी दिसायची त्या दिवशी आमच्या बोटीवर जेवताना दुसरा विषय नसायचा. आणि अशा मिश्र जोडीची पिल्लं मरतात असंही नाही, प्रयोगशाळेत वाढवून बघितलीत, व्यवस्थित जगतात. म्हणजे त्यांना अडवणारं शरीरात काही नाही, अडतंय ते फक्त आवडीवर.

जनुकांचं म्हणाल तर बरीच वर्षं लोकांना काही फरकच सापडत नव्हता. १९८० मध्येच ग्रेव्हज आणि रोझेनब्लॅट यांनी प्रथिनं तपासली, हाती शून्य, म्हणून तेव्हा बरेच जण सगळ्यांना एकाच नावाखाली टाकायचे, हायपोप्लेक्ट्रस युनिकलर. तुमच्या गाईडने त्या काळातलं काहीतरी वाचलेलं किंवा ऐकलेलं असणार, अगदीच हवेतलं बोलत नाहीये तो. मग अख्खा जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए, वाचायची सोय झाली. २०१९ मध्ये बेलीझ, होंडुरास आणि पनामा इथले पट्टेवाले, काळे आणि बटर (तुमचा पिवळट डागवाला) यांचे जीनोम शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळा जीनोम एकसारखा, आणि मधेच मोजक्या जागी टोकदार फरक. आणि त्या जागा कुठल्या, तर एकीकडे रंग-नक्षी ठरवणारी जनुकं आणि दुसरीकडे डोळ्याला दिसण्याशी संबंधित जनुकं. वेगवेगळ्या क्रोमोसोमवर असूनही ती जोडीने फिरतात. म्हणजे माझा रंग अमुक आणि मला अमुकच रंग पसंत, हे दोन्ही एकत्र वारशाने जातंय. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

क्रोमिसचं सोपं आहे. क्रोमिस पाण्याच्या मधल्या थरात थव्याने असतो, प्लँक्टन टिपत, पाठीवरून काळी झाक जाते आणि शेपटी खोल दुभंगलेली. हॅम्लेट तळाला धरून, एकटा, मधेच थांबून डोळे फिरवणार. त्याच्या शेपटीच्या वरच्या आणि खालच्या कडेला काळी रेघ असते पण शेपटी फारशी दुभंगलेली नसते. रंग बघू नका, निळ्या पाण्यात रंगाने फसायलाच होतं, कुठे उभा आहे ते बघा.

खवचट_खेकडा

रीफवेडा, सगळं छान लिहिलंय, पण मला एक पटत नाही. जीनोम ९९ टक्क्यांच्या वर सेम, पिल्लं जगतात, अधूनमधून मिश्र जोड्याही होतात, तरी तुम्ही याला वेगळ्या जाती म्हणणार? आता नावांचा आकडा १८-१९ च्या आसपास गेलाय. २०११-१२ मध्ये तर धडाधड नवीन निघाले, बेलीझचा माया, मेक्सिकोत वेराक्रूझचा वेगळा, फ्लोरिडाचा वेगळा, मग २०१८ मध्ये हैतीच्या फोर्ट लिबर्तेच्या खाडीतला लिबर्ते. प्रत्येक खाडीत निळ्याची वेगळी छटा सापडली की नवीन जात, असं किती दिवस चालणार.

फेलिपे पोए या निसर्गशास्त्रज्ञाने १८५०-६० च्या दशकांत क्युबात बसून यातल्या बऱ्याच जणांना नावं दिली, इंडिगो, काळा, गुट्टावेरियस, गमिगुट्टा सगळे त्याचेच. हवानाच्या मासळीबाजारात जाऊन नमुने आणायचा तो. त्याच्याकडे ना पाण्याखालचा कॅमेरा ना जीनोम, रंग बघितला नाव दिलं. त्याचं ठीक होतं. आपण दीडशे वर्षांनी तेच करतोय.

माझं म्हणणं, याला होऊ घातलेल्या जाती म्हणा फार तर. अर्धवट शिजलेल्या भाताला भात म्हणून वाढू नका.

रीफवेडा

खेकडा, भात शिजतोय हे तुम्हीच मान्य केलंत म्हणजे अर्धं काम झालं 🙂 पण तुमच्याच यादीतला फ्लोरिडाचा घ्या, तो तुमच्या मुद्द्याच्या बरोबर उलटा जातो. २०१२ मध्ये व्हिक्टर नावाच्या संशोधकाने फ्लोरिडे आणि एकोसुर असे मेक्सिकोच्या आखाताकडचे दोन पट्टेवाले वेगळे काढले. दिसायला ते नेहमीच्या पट्टेवाल्यासारखेच, पाण्यात बघून भलेभले चकतात. पण त्यांचं मायटोकॉन्ड्रियाचं सीओआय जनुक बाकीच्या कॅरिबियन हॅम्लेटांपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वेगळं निघालं, आणि माशांमध्ये एवढा फरक म्हणजे सरळ वेगळी जात, कोणी वादच घालणार नाही. म्हणजे बघा, काळा आणि पिवळा इतके वेगळे दिसतात आणि या जनुकात फरक नाही, आणि दोन पट्टेवाले जुळे वाटतात आणि त्यांच्यात दरी. जनुकाने जात ठरवायची म्हटली तर एक यादी येते, रंगाने ठरवायची तर दुसरी. मी रंगाच्या बाजूने का, तर मासा स्वतः रंगानेच ठरवतो. रोज संध्याकाळी तो मतदान करतोय आणि आपण इथे बसून त्याची मतं बाद कशी करायची.

नवीन नावं छटेवरून दिलीत हा आरोपही पूर्ण खरा नाही. माया आधी निळा हॅम्लेट म्हणूनच खपत होता, लोबेलने वेगळा काढला कारण तो बेलीझच्या आतल्या उथळ पाण्यात असतो आणि आपापसातच जोड्या करतो.

कीजवाली

बाप रे, एवढं सगळं! धन्यवाद रीफवेडा. उधारीचं वाचून नवऱ्याला ऐकवलं, तो म्हणाला आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सला ही पद्धत लावा.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. निळा इथेच का? मी कुठेतरी वाचलं की हे हॅम्लेट दुसऱ्या माशांची नक्कल करतात, निळा हॅम्लेट म्हणजे क्रोमिसची नक्कल, म्हणजे बारीक कोळंबी आणि पिल्लांना वाटतं की हा प्लँक्टन खाणारा साधा क्रोमिस आहे आणि ती बेसावध राहतात. मग जिथे क्रोमिस जास्त तिथे हा असणार, असंच ना?

आणि खेकडा, तुमचाही मुद्दा कळला हो, चिडू नका.

खवचट_खेकडा

चिडलो नाही, आमचं बोलणंच असं. आणि नकलेच्या बाबतीत तर मी रीफवेड्याच्या आधी सांगतो, ती गोष्ट ऐकायला जितकी गोड तितकी पुराव्याला कच्ची.

रीफवेडा

इथे मात्र खेकड्याशी बऱ्यापैकी सहमत.

नकलेची कल्पना जुनी आहे, १९६० मध्ये रँडल दांपत्याने मांडली, नंतर थ्रेशरने वाढवली. काही जोड्या डोळ्याला पटतात, बटर हॅम्लेट आणि चार डोळ्यांचा बटरफ्लायफिश, शाय हॅम्लेट आणि रॉक ब्यूटी एंजलफिश, पिवळ्या शेपटीचा हॅम्लेट आणि पिवळ्या शेपटीचा डॅम्सेल. ते नक्कल करून शिकार करतात याला थोडाफार आधारही आहे, बटर हॅम्लेट कधीकधी त्या बटरफ्लायफिशच्या मागे मागे फिरतो आणि तेव्हा जास्त झपाटे मारतो. पण पट्टेवाला, जो सगळ्यात जास्त ठिकाणी सापडतो, तो कोणाची नक्कल करतो? कोणाचीच नाही, तो आपला खडक-गाळाच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. आणि निळ्याचं तर तुमच्या मैत्रिणीनेच उत्तर देऊन टाकलंय. निळा क्रोमिस केमनला आहे, बहामाजला आहे, अख्ख्या कॅरिबियनभर ढिगाने आहे. ज्याची नक्कल करायची तो सगळीकडे आणि नक्कल करणारा जवळपास फ्लोरिडापुरता. क्रोमिस असणं हेच कारण असतं तर हा इतर ठिकाणीही दिसायला हवा होता.

मग का? मला जे जास्त पटतं ते सांगतो. हॅम्लेटची अंडी पाण्यात तरंगत जातात, एका दिवसाच्या आत फुटतात आणि पिल्लं दोन-तीन आठवडे प्रवाहात असतात. दोन-तीन आठवड्यांत गल्फ स्ट्रीम माणसाला कुठल्या कुठे नेऊन सोडेल, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं मिसळून जायला हवं. पण पट्टेवाल्याच्या जनुकांवरून हिशोब केला तर पिल्लं सरासरी काही किलोमीटर ते फार तर दहा-पंधरा किलोमीटरवरच खाली बसतात असं निघालं. ती नुसती वाहत नाहीत, खोल-वर होऊन, भोवऱ्यात राहून घराजवळ थांबतात. त्यात समुद्राची पातळी हिमयुगात शंभराहून जास्त मीटर खाली होती, आजचे कीज आणि बहामाजचे उथळ पट्टे कोरडे होते, रीफ तुकड्या-तुकड्यांत कडेला चिकटून होते. अशा एखाद्या तुकड्यात एक रंग पक्का झाला, पाणी वर आलं, सगळे परत भेटले, पण तोवर आपल्याच रंगाची आवड मुरलेली. काही पसरले, काही जिथल्या तिथे राहिले.

पण मग एकाच रीफवर पाच-सहा रंग कसे टिकतात, पसरलेल्याने राहिलेल्याला खाऊन का नाही टाकलं, याचं उत्तर या गोष्टीत नाही, त्यामुळे हीच एक गोष्ट गळ्यात बांधून घेऊ नका.

नकाशा मात्र बघण्यासारखा आहे. पट्टेवाला, काळा, बटर हे जवळपास सगळीकडे. इंडिगो बहामाज, केमन, बेलीझ पट्ट्यात बरा दिसतो, मैत्रिणीचा निळा-पांढरा तोच. पिवळ्या शेपटीचा पूर्वेकडच्या बेटांवर. मास्कवाला प्रोव्हिडेन्सिया बेटाच्या बाजूला. माया बेलीझपुरता, लिबर्ते त्या एका खाडीपुरता. आणि हे नकाशे मोठ्या प्रमाणात हौशी डायव्हर्सनी भरलेत, की लार्गोलाच रीफ नावाची संस्था आहे, १९९० पासूनची, सभासद पाण्यातून वर येऊन कोणता मासा किती दिसला ते फॉर्मवर भरतात. तुम्ही जाता त्या गावातच आहे म्हणून सांगतोय. तुमचे ते दोन पट्टेवाले तिथे नोंदवले असते तर कोणाच्या तरी उपयोगी पडले असते.

मालवणचो_झील

आमच्या मालवणाक ह्यो मासो नाय हां कोणी शोधूक जाव नका 😄 हॅम्लेट फक्त पश्चिम अटलांटिकचा. डायव्हला येणारे पर्यटक फोटो दाखवून विचारतात म्हणून सांगतो. आपल्याकडे या घराण्यातले म्हणजे हेकरू, गोबरा, ते मोठे, ताटात येणारे. बारक्यांमध्ये रंगीत अँथियास असतात पण ते बघायला लक्षद्वीप नाही तर मालदीव, स्वच्छ पाणी आणि खडा उतार लागतो त्यांना, आमच्या गढूळ पाण्यात काय करतील.

उलट आपल्याकडचा एक पाहुणा तिकडे जाऊन बसलाय. लायनफिश. इंडो-पॅसिफिकचा मासा, १९८५ ला फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला, टाकीतून कोणीतरी सोडला असणार, आणि आता अख्ख्या कॅरिबियनमध्ये छोटे मासे मटामट खातोय. तिकडच्या छोट्या माशांना तो शत्रू म्हणून ओळखूच येत नाही म्हणतात. एका खाडीपुरता जो हॅम्लेट आहे त्याच्या शेजारी हे दहा-वीस येऊन बसले तर जात आहे की रंग आहे हा वाद घालायला तरी काय उरणार. खेकडाभाऊ, नाव दिलेलं असलं की निदान धोक्याच्या यादीत तरी घालता येतं, बिननावाच्या रंगाला कोण विचारतो.

खवचट_खेकडा

हा मुद्दा बरोबर आहे. नाव सोयीसाठी द्या, माझी ना नाही. फक्त सोय आहे हे लक्षात ठेवा.

टाकीवाला_पुणे

झील, लायनफिशवर वेगळा धागा काढ रे. इथे दुकानात अजून सर्रास विकतात आणि मोठा झाला की लोक विचारतात आता कुठे सोडू.

कीजवाली

त्या संस्थेचं नव्हतं माहीत, इतकी वर्षं बोर्डासमोरून गाडी नेतेय. फॉर्म बघितला, त्यात निळा, पट्टेवाला आणि फ्लोरिडाचा पट्टेवाला वेगवेगळे आहेत. आता माझे पट्टेवाले नेमके कुठले? एका फोटोत शेपटी जरा स्पष्ट आलीये, काय बघायचं असतं?

रीफवेडा

शेपटीच्या मुळाशी एकावर एक असे दोन गडद ठिपके आहेत का बघा. असले तर फ्लोरिडाचा. फोटो आडवा करून इथे चढवा, दाबून लहान करू नका, मागच्या वेळी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला टाकला होता आणि त्यात ठिपके होते की पिक्सेल ते शेवटपर्यंत कळलं नाही.